वाचन ऐकणारे यंत्र नेमके काय ऐकते?

तिसरीच्या वर्गात खिडकीच्या कट्ट्यावर एक टॅबलेट उभा करून ठेवला होता. पडद्यावर वाक्य होते: 'आजीने सांगितले, विहिरीचे पाणी गोड आहे.' समोर बसलेल्या मुलाने ते एका दमात वाचले, "आजीनं सांगितलं, हिरीचं पानी ग्वाड हाये." पडद्यावर 'विहिरीचे' आणि 'गोड' या दोन शब्दांखाली तांबड्या रेघा उमटल्या. यंत्राने गोड आवाजात 'विहिरीचे' असे म्हणून दाखवले. मुलगा पुन्हा म्हणाला, "हिरीचं." पुन्हा रेघ. तिसऱ्या खेपेला तो काहीच बोलला नाही.

त्याच्यानंतर एक मुलगी आली. तिने बोट ठेवून एकेक अक्षर लावले, 'आ-जी-ने, सां-गि-त-ले,' असे करीत वाक्य पूर्ण केले. एकही रेघ नाही. तिला तारे मिळाले. मी तिला विचारले, "काय गोड आहे गं?" तिने पडद्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "आजी." मागे जाऊन बसलेला तो मुलगा तिथूनच ओरडला, "हिरीचं पानी! आमच्या हिरीचं मचूळ हाये."

ही शाळा पाथर्डी तालुक्यातली. अहमदनगर जिल्ह्याचे नाव 2024 मध्ये अहिल्यानगर झाले; बोली मात्र होती तीच आहे. टॅबलेटवरचे अ‍ॅप कोणाचे होते हे सांगण्याचे प्रयोजन नाही. ज्या तत्त्वावर ते चालते त्याच तत्त्वावर या जातीची बहुतेक साधने चालतात आणि असा प्रसंग त्यांपैकी कोणत्याही साधनाच्या बाबतीत घडू शकतो. माझे स्वतःचे काम ध्वनीच्या विश्लेषणाचे. त्यामुळे शिक्षक मित्र जेव्हा विचारतात की 'हे यंत्र घ्यावे का, त्याच्यावर विसंबावे का', तेव्हा 'तंत्रज्ञान चांगले, वापर चांगला हवा' असे सांगून सुटका करून घेणे मला बरे वाटत नाही. यंत्राच्या आत काय चालते ते पाहिले तर उत्तर बरेच नेमके देता येते.

प्रथम यंत्राची बाजू. मूल वाचायला शिकते ते मोठ्याने वाचून, आणि कोणीतरी ऐकत असेल तर. 35 मुलांच्या वर्गात प्रत्येकाचे पाच मिनिटे वाचन ऐकायचे म्हटले तर 175 मिनिटे, म्हणजे जवळजवळ तीन तास लागतात. द्विशिक्षकी शाळेत एका शिक्षकाकडे दोन-दोन इयत्ता असतात. रोज तीन तास कोठून आणायचे? घरी ऐकणारे कोणी असते असेही नाही. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतली मुले कारखान्याच्या परिसरातल्या कोपीत राहतात. आईवडील पहाटे फडात जातात. तिथे एखाद्या जुन्या फोनवर, इंटरनेट नसतानाही, मुलाचे वाचन ऐकणारे काही असेल तर त्याला हसण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही. देशपातळीवरच्या 'असर' सर्वेक्षणात ग्रामीण भागातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले 2018 मध्ये 27.3 टक्के होती. करोनाच्या काळानंतर 2022 मध्ये ती 20.5 टक्क्यांवर आली आणि 2024 मध्ये पुन्हा 27.1 झाली. म्हणजे खड्डा भरून आपण पूर्वीच्याच जागी आलो, आणि ती जागाही चार मुलांतले एक एवढीच. गरज खरी आहे.

कल्पनाही नवीन नाही. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात जॅक मोस्टो यांनी 1990 च्या दशकात 'प्रोजेक्ट लिसन' या नावाने मुलांचे वाचन ऐकणारा संगणक तयार करायला घेतला. त्याचे कान होते 'स्फिंक्स' ही उच्चार ओळखणारी प्रणाली. ती त्याच विद्यापीठात, आंध्रातून तिकडे गेलेल्या राज रेड्डी यांच्या मार्गदर्शनाखाली काई-फू ली यांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस बांधली होती. आपल्याकडे 2019 च्या मार्चमध्ये गूगलने 'बोलो' हे अ‍ॅप हिंदी आणि इंग्रजीसाठी आणले. 2020 मध्ये ते 'रीड अलाँग' या नावाने जगभर गेले आणि त्यात मराठीही होती. त्यातली 'दिया' नावाची बाहुली मुलाचे वाचन ऐकते, अडला तर शब्द सांगते, तारे देते. मुंबईच्या आयआयटीत प्रीती राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'तारा' ही प्रणाली विकसित केली. ती मुलाचे वाचन ध्वनिमुद्रित करून त्याची अचूकता, वेग आणि लय मोजते. केंद्रीय विद्यालयांमध्ये ती मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. शेजारच्या गुजरातमध्ये वाधवानी एआय या संस्थेचे 'वाचन समीक्षा' हे साधन 2023 पासून शाळांत गेले. तेव्हा प्रश्न एखाद्या हौशी शाळेचा राहिलेला नाही.

आता यंत्राच्या आत जाऊ. मायक्रोफोनमधून आलेल्या ध्वनीचे संगणक दर सेकंदाला साधारण शंभर काप करतो. प्रत्येक कापात कोणत्या कंपनसंख्येला किती जोर आहे हे मोजतो आणि त्यावरून हा काप 'आ'चा असण्याची शक्यता किती, 'ग'चा असण्याची किती, असे अंदाज बांधतो. हे अंदाज त्याला आधी ऐकवलेल्या हजारो तासांच्या बोलण्यावरून शिकवलेले असतात. पूर्वी त्यासाठी संख्याशास्त्रातली साखळीप्रारूपे वापरीत. आता चेताजालांची पद्धत आहे. अंदाजांच्या या ओळीतून शब्द उभे करायचे असतात.

येथे दोन वेगळी कामे आहेत आणि त्यांची गल्लत होते. परंपरा सांगते की शके 1212 मध्ये याच जिल्ह्यातल्या नेवाशाला ज्ञानेश्वरांनी गीतेवरची टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. सांगणारा पुढे काय म्हणणार हे लेखकाला ठाऊक नसते. त्याने ऐकून ठरवायचे. फोनवर बोलून संदेश लिहिणारे यंत्र हे काम करते. वाचन ऐकणाऱ्या यंत्राचे काम उलटे आहे. पुस्तक त्याच्या हातात आहे. 'मूल काय म्हणाले?' हा त्याचा प्रश्न नाही. 'मूल हेच म्हणाले का?' एवढाच प्रश्न आहे. वरवर पाहता हे सोपे वाटते, आणि काही अंशी आहेही. पण त्यात एक मेख आहे. पुढे 'पाणी' येणार हे माहीत असलेले यंत्र 'पा...'सारखे काहीही ऐकले की 'पाणी' ऐकू आले असे मानायला एका पायावर तयार असते. पाढे ऐकताना आपलेही असे होते. मूल सात आठे छप्पन्नच म्हणणार या खात्रीने 'चोपन्न' कानाआड जाते.

म्हणून रचनाकाराला एक उंबरठा ठरवावा लागतो. तो उंच ठेवला तर बरोबर वाचलेले शब्दही चूक ठरतात; खाली ठेवला तर चुका निसटतात. दोन्ही एकाच वेळी साधत नाही. बरोबर वाचणाऱ्या मुलाला 'चूक' म्हटले तर ते हिरमुसते, म्हणून बहुतेक रचनाकार उंबरठा खाली ठेवतात. हे शहाणपणाचेच आहे. तरीही एक हिशेब करून पाहावा. समजा, यंत्र चुकीच्या शब्दांपैकी निम्मे पकडते आणि बरोबर शब्दांपैकी शंभरात चारांना उगाच चूक म्हणते. हे आकडे मी उदाहरणापुरते घेतले आहेत. एका मुलाने शंभर शब्द वाचले, त्यातले 10 चुकले. यंत्र पाच चुका पकडील आणि उरलेल्या 90 बरोबर शब्दांपैकी सुमारे चारांखाली रेघ ओढील. म्हणजे नऊ रेघांपैकी चार खोट्या. दुसऱ्या मुलाच्या चुका दोनच असतील तर खरी रेघ एक आणि खोट्या चार! शंभरात चार म्हणजे फार चांगले यंत्र असे वाटते, पण पडद्यावरची प्रत्येक तांबडी रेघ घेतली तर ती खरी असण्याची शक्यता त्या मुलाच्या वाचनावर अवलंबून आहे. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी हा हिशेब निरनिराळे आकडे घालून करून पाहावा. रोगनिदानाच्या चाचण्यांनाही तोच लागू पडतो.

शिवाय 'शंभरात चार' हे प्रमाण सगळ्यांना सारखे नसते. मुलांचा आवाज हा मोठ्यांच्या आवाजाची छोटी आवृत्ती नव्हे. पुरुषाच्या आवाजाची मूळ कंपनसंख्या साधारण 100 ते 150 हर्ट्झ, स्त्रीची 200 च्या आसपास, आठ वर्षांच्या मुलाची बहुधा 250 च्या वर. कंठापासून ओठांपर्यंतची पोकळी पुरुषात सुमारे 17 सेंटिमीटर असते, मुलात ती बरीच आखूड. आखूड बासरीचे सूर जसे वरचे, तसे मुलाच्या स्वरांचे अनुनाद वर सरकलेले असतात. मोठ्यांच्या बोलण्यावर शिकलेले यंत्र मुलांपुढे म्हणूनच गडबडते. त्यातून वर्गातला गोंगाट. पंख्याचा आवाज यंत्र वेगळा काढू शकते, कारण तो एकसारखा असतो. पण शेजारचा मुलगा तोच धडा वाचत असेल तर कोणता 'पाणी' कोणाचा हे ठरवणे अवघड. अकोले तालुक्यात घाटघर, रतनवाडीकडे पावसाळ्यात पत्र्याच्या छपराखाली शेजाऱ्याचे बोलणे ऐकू येत नाही, तिथे टॅबलेटने काय ऐकावे?

आवाज आणि गोंगाट या अडचणी जगभरच्या आहेत आणि त्या हळूहळू कमी होत आहेत. मला खरी चिंता वाटते ती मराठीची. आपण 'सांगितले' लिहितो आणि 'सांगितलं' म्हणतो. पुण्यातला प्राध्यापकही 'मुले आली' असे छापील वाक्य सहज वाचताना 'मुलं आली' म्हणतो आणि त्याला कोणी चूक म्हणत नाही. 'च' आणि 'ज' यांचे आपल्याकडे प्रत्येकी दोन उच्चार आहेत आणि लिपी त्यांत भेद करीत नाही: 'चार गुरे चारायला नेली' या एका वाक्यात एकाच अक्षराचे दोन्ही उच्चार येतात. 'जरा थांब' मधला 'जरा' आणि म्हातारपण या अर्थाचा 'जरा' कागदावर एकच. म्हणजे मराठीत मोठ्याने वाचणे ही अक्षराचे आवाज करण्याची सरळ क्रिया नाहीच. अर्थ कळल्याशिवाय उच्चार ठरत नाही. मराठी जसे लिहितात तसेच वाचतात हे आपण मुलांना सांगतो खरे, पण ते पूर्ण सत्य नव्हे.

त्यावर नगरी बोली. 'ण'चा 'न', 'आहे'चा 'हाये', 'होते'चा 'व्हतं', 'गोड'चा 'ग्वाड'. पाथर्डीच्या त्या मुलाने जे केले ते नीट पाहिले पाहिजे. त्याच्या डोळ्यांपुढे 'विहिरीचे' होते. त्याने तो शब्द ओळखला, त्याचा अर्थ मनात उभा राहिला आणि त्या अर्थाला त्याच्या घरात जो शब्द आहे तो तोंडातून बाहेर पडला. अक्षरे न ओळखता 'हिरीचं' म्हणताच आले नसते! अमेरिकेतील केनेथ गुडमन यांनी 1960 च्या दशकात मुलांच्या अशा 'चुकां'चा अभ्यास करून दाखवले की छापील शब्दापासून झालेले प्रत्येक विचलन सारखे नसते; काही विचलने समज नसल्याची खूण असतात, तर काही समजल्याची. गुडमन यांचे पुढचे सगळेच म्हणणे, विशेषतः वाचन म्हणजे संदर्भावरून केलेला अंदाज हे, नंतरच्या संशोधनात टिकले नाही. पण हा भेद टिकला आहे आणि प्रत्येक चांगली शिक्षिका तो रोज करते.

यंत्राला हा भेद करता येईल का? 'मग बोलीतले उच्चारही बरोबर धरायला शिकवा' असे कोणी म्हणेल. काही साधने तसे करतातही. त्या दिवशी 'पानी' आणि 'हाये' यांखाली रेघ आली नव्हती. पण 'न'ला 'ण' मानायला शिकलेले यंत्र 'धान्याचा मण' या जागी 'धान्याचा मन' हेही मानणार. 'ळ' आणि 'ल' यांत सूट दिली तर 'वेळ' आणि 'वेल' एकच होणार. 'पानी' म्हणणारे मूल पाणीच म्हणत असते. 'वेळ झाली'ला 'वेल झाली' वाचणारे मूल कदाचित वेलीचे चित्र पाहून अंदाज करीत असते. हा फरक कानाला ऐकू येत नाही, तो अर्थातून कळतो. सूट द्यायची की नाही हे ध्वनीवरून ठरवता येत नाही, आणि यंत्राकडे ध्वनीखेरीज फारसे काही नाही.

दुसरी गोष्ट वेगाची. ही साधने शेवटी एक आकडा देतात: मिनिटाला किती शब्द बरोबर. जुलै 2021 मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाच्या मार्गदर्शिकेत दुसरीसाठी मिनिटाला 45 ते 60 आणि तिसरीसाठी किमान 60 शब्द असे लक्ष्य आहे. तेथे मजकूर अपरिचित असावा आणि वाचन आकलनासह असावे असेही म्हटले आहे, पण यंत्राच्या तक्त्यात आकडा येतो आणि 'आकलनासह' मागे राहते. बरे, शब्द म्हणजे काय? हिंदीत 'पेड़ के नीचे' हे तीन शब्द. मराठीत 'झाडाखाली' हा एक. 'शाळेतल्यांनासुद्धा' हाही एकच. आपण विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहितो, हिंदी ती सुटी लिहिते. मग एकाच वेगाने अक्षरे वाचणारी दोन मुले, एक हिंदी वाचणारे आणि एक मराठी, यांत मराठी मूल 'मंद' ठरणार. शब्दांऐवजी अक्षरे मोजणे यंत्राला मुळीच अवघड नाही, मग ते का केले जात नाही हे मला कळत नाही. केवळ इंग्रजीतले माप आले म्हणून?

आता पुरावा. 'बोलो' आले तेव्हा कंपनीने सांगितले की उत्तर प्रदेशातल्या सुमारे 200 गावांत 'असर' केंद्राच्या मदतीने केलेल्या चाचणीत तीन महिन्यांत 64 टक्के मुलांच्या वाचनात सुधारणा झाली. वर्तमानपत्रांनी हा आकडा उचलला. त्याच माहितीत आणखी एक जोडी होती, ती कमी लोकांनी वाचली: 920 मुलांना अ‍ॅप दिले होते, 600 मुलांना दिले नव्हते; वाचनाच्या सर्वांत वरच्या पातळीवर पोचलेली मुले पहिल्या गटात 39 टक्के आणि दुसऱ्यात 28. म्हणजे 28 टक्के मुले अ‍ॅपशिवायही तिथे पोचली. फरक 11 टक्क्यांचा. हा फरक लहान नाही, मी तो कमी लेखत नाही. पण तो यंत्राच्या कानांचा परिणाम, की रोज थोडा वेळ गोष्टी मोठ्याने वाचण्याचा? अ‍ॅप असलेले आणि नसलेले अशी तुलना केली की हे कळत नाही. त्यासाठी तिसरा गट हवा: तितकाच वेळ, त्याच गोष्टी, पण ऐकायला माणूस.

असा गट घेतलेला एक प्रयोग झालेला आहे आणि तो मोस्टो यांच्याच गटाने केला. आपल्याच यंत्राला इतक्या कठीण परीक्षेला बसवणारे संशोधक विरळा. 12 वर्गांतली दुसरी-तिसरीची 131 मुले, वर्षभर, रोज 20 मिनिटे. 58 मुले वर्गातल्या एकाच संगणकापुढे पाळीपाळीने वाचत. 34 मुलांना प्रशिक्षित शिक्षक त्याच गोष्टी घेऊन एकेकट्याने शिकवत. 39 मुलांचे नेहमीचे वर्ग. निष्कर्ष 2003 मध्ये प्रसिद्ध झाले. अनोळखी शब्द फोडून वाचण्यात माणसाकडे शिकलेली मुले यंत्राकडे शिकलेल्यांपेक्षा स्पष्टपणे पुढे गेली. शब्दार्थाच्या चाचणीत तिसरीची मुले, यंत्राची आणि माणसाची दोन्ही, नेहमीच्या वर्गातल्यांपेक्षा पुढे होती. आणि वेगात? वेगाच्या वाढीत तिन्ही गटांत दखल घेण्याजोगा फरकच नव्हता.

हा शेवटचा निष्कर्ष मी दोनदा वाचला. जी गोष्ट यंत्र सर्वांत सहज मोजते तिच्यात फरक पडला नाही. जी ते मोजूच शकत नाही, म्हणजे अर्थ, तिच्यात पडला. एकाच प्रयोगावर, तेही इंग्रजीतल्या, फार मोठी इमारत बांधू नये. पण रोज ठराविक वेळ, चांगल्या गोष्टी आणि अडल्यावर लगेच मिळणारी मदत यांचा उपयोग होतो, आणि तो उपयोग वेगाच्या आकड्यात दिसेलच असे नाही, एवढे त्यावरून धरायला हरकत नाही. 'अडल्यावर मदत' या कामात यंत्र भरवशाचे आहे, कारण शब्द उच्चारून दाखवताना त्याला काहीच ओळखावे लागत नाही! मुलाने शब्दावर बोट ठेवले की यंत्राने तो म्हणायचा. त्याचे तोंड त्याच्या कानांपेक्षा पुष्कळ चांगले आहे.

म्हणून माझे मत असे झाले आहे. सोबती म्हणून हे यंत्र घरी, कोपीत, शाळा सुटल्यावर ओसरीवर अवश्य असावे. परीक्षक म्हणून, आणि विशेषतः ज्याचा आकडा केंद्रप्रमुखांमार्फत वर जाणार आहे असा परीक्षक म्हणून, ते आजच्या स्थितीत मराठीला आणि त्यातही बोली बोलणाऱ्या मुलांना न्याय देणार नाही. त्याची चूक सगळ्यांवर सारखी वाटली गेली असती तर सरासरीत ती विरून गेली असती. पण ती ज्या मुलाच्या घरची भाषा पुस्तकापासून सर्वांत दूर त्याच्यावर सर्वांत जास्त पडते. अकोल्यातल्या ठाकर किंवा महादेव कोळी मुलाचे वाचन आणि नगर शहरातल्या सावेडीतल्या मुलाचे वाचन एकाच तक्त्यात घालून कोण मागे आहे हे ठरवणार असाल, तर त्या तक्त्यात वाचनाइतकीच बोलीही मोजली गेलेली असेल.

शाळेत असे साधन आले तर पहिल्या दिवशी शिक्षकांनी स्वतः त्याची परीक्षा घ्यावी, तासाभराचे काम आहे. एक परिच्छेद मुद्दाम दहा शब्द बदलून वाचावा आणि किती पकडले जातात ते पाहावे. तोच परिच्छेद गावच्या बोलीत वाचावा. मग शब्दावर बोट ठेवून यंत्राकडून ऐकायचे आणि पोपटासारखे परत म्हणायचे, असे पानभर करावे. तारे मिळाले तर न वाचताही तारे मिळतात हे समजेल. पाठ केलेली गोष्ट पडद्याकडे न पाहता म्हणून पाहावी. आणि आवाजाच्या नोंदी कोठे जातात हे विचारावे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांची माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळून घेतलेली संमती मागितली आहे, आणि मुलाचा आवाज ही त्याची वैयक्तिक माहितीच आहे. यात एक पेच आहे, तो लपवण्यात अर्थ नाही: पाथर्डीच्या मुलांचे आवाज गोळा झाल्याखेरीज यंत्र पाथर्डीची बोली शिकणार नाही, आणि ते कोणाच्या हाती द्यायचे हे पालकांनी ठरवायचे तर त्यांना आधी सगळे समजावून सांगावे लागेल. केंद्र सरकारच्या 'भाषिणी' या प्रकल्पात भारतीय भाषांचे आवाज खुलेपणाने जमवण्याचे काम 2022 पासून सुरू झाले. त्यात लहान मुलांचे आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या बोलींचे आवाज किती येतात यावर पुष्कळ अवलंबून आहे.

दिवाळीनंतर त्या शाळेत पुन्हा गेलो. पट बराच कमी झाला होता. तो मुलगाही आईवडिलांबरोबर कारखान्यावर गेला होता. बाईंनी टॅबलेट कट्ट्यावरून खाली घेतला होता आणि त्याच्याशेजारी चौथीतल्या एका मुलीला बसवले होते. तिच्या वहीत दोन रकाने होते. पडद्यावर रेघ आली की तिने वाचणाऱ्याला त्या शब्दाचा अर्थ विचारायचा. सांगता आला तर शब्द डाव्या रकान्यात, नाही तर उजव्या. मी वही चाळली. डावीकडची यादी लांब होती: हिरीचं, ग्वाड, व्हतं, समदे. उजवीकडे थोडेच शब्द होते आणि त्यांतला 'कृतज्ञता' तीनदा आला होता. बाई म्हणाल्या, "तो मलाही सांगायला अवघडच जातो, सर."